मागची वायर

आमच्याच दिवाणखान्यात भरणाऱ्या सुनेच्या नाचाच्या वर्गासाठी नवे स्पीकर घ्यायचे ठरले, तेव्हा मी सांगून टाकलं, निवडायला मी येणार. या घरात माझ्या पसंतीशिवाय पायपुसणंसुद्धा आलेलं नाही. मुलगा म्हणाला, तुला त्यातलं काय कळतं? मी म्हटलं, तुझी बायको मीच पसंत केली, तेव्हा नाही विचारलंस.

मनात धाकधूक होतीच. वर्ष झालं, मला बारीक आवाज ऐकू येईनासे झाले होते. दाराची बेल नाही, कुकरची शिट्टी नाही. बेल वाजून गेली की काय म्हणून मी दर पाच मिनिटांनी उठून दाराशी जायची. कुकर लावला की त्याच्यासमोर उभी राहून वाफ बघायची. घरचे म्हणत, आईच्या पायाला भिंगरी लागलीय. म्हणोत बापडे, बहिरी तर म्हणत नाहीत! माझ्या जावेचे कान गेले, तर दोन वर्षांत तिला कुणी काही विचारीनासं झालं. घरात सोफा आला तोही तिला दारात दिसला तेव्हा कळला. माझं तसं व्हायला नको होतं. स्पीकर निवडायला गेले नसते, तर तिथेच संशय आला असता.

दुकानदाराने खुर्ची दिली. मला बसवेना. स्पीकर माझ्या छातीला लागतील एवढे उंच, आणि घुमणारा खालचा आवाज, ते सबवूफर म्हणतात तो, त्याच खोक्याच्या पोटात. सुनेला तसेच हवे होते. वेगळं खोकं खाली ठेवलं की मुली नाचताना त्याला अडखळतात. गेल्या महिन्यात एकीच्या अंगठ्याचं नख निघालं.

पहिल्या जोडीच्या कुशीवर मी बोटाने टकटक केलं आणि नाक मुरडलं. दुसरी लावली. ढोलाचा ठोका फरशीतून टाचेत आला, टाचेतून पोटात. दुकानदार म्हणाला, वरची बासरी ऐका, मावशी, किती स्वच्छ आहे. मी मान डोलावली. बासरीचा पत्ता नव्हता. हात उगाच पदराशी खेळत होते, म्हणून मी स्पीकरच्या मागे जाऊन बघू लागले आणि विचारलं, ही जास्तीची वायर कशाला?

तो म्हणाला, खालच्या मोठ्या आवाजाला आतच मशीन आहे, त्याला वेगळी वीज लागते. ती काढली तरी वरचं गाणं चालूच राहतं. दाखवतो म्हणून त्याने दोन्ही स्पीकरच्या वायरी भिंतीतून उपटल्या.

ठोका थांबला. सगळं थांबलं.

"कुठे चालू राहिलं?" मी म्हटलं. "गिऱ्हाईकाला खोटं सांगायला लाज नाही वाटत?"

दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. मुलाने तोंड उघडलं, तर सुनेने त्याचा दंड धरला.

"आई बरोबर बोलतायत," ती म्हणाली. "मलाही काही ऐकू येत नाहीये."

मी खाली पाहिलं. चपलेत तिच्या पायाचा अंगठा ताल धरून हलत होता.

तिथे गप्प बसले असते तर निभावून गेलं असतं. पण सुनेने माझ्यासाठी खोटं बोलावं आणि मी ते पदरात घ्यावं, एवढी मी अजून मोडलेली नाही.

"मग पाय कशाला हलतोय तुझा?" मी विचारलं. मग दुकानदाराकडे वळून सगळ्यांनाच सांगितलं, "वर्ष झालं मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. खालचा मी बघितला, चांगला आहे. सूनबाई, वरचा तू ऐक आणि दोघींचं जमलं तर घे."

दुकानदाराला खोटं बोलतोस म्हटलं होतं, ते मागे घेतलं. मुलगा घरी येईपर्यंत कानाच्या डॉक्टरांची नावं घेत होता. गुरुवारी जाऊ म्हटलं, एकदाचा गप्प झाला.

स्पीकर आले, तिनेच निवडलेले. माझ्या येरझारा मात्र थांबल्या नव्हत्या. संध्याकाळी मी तिसऱ्यांदा दाराकडे निघाले, तेव्हा सून म्हणाली, बसा. वर्ग भरतो त्या दिवाणखान्याची जमीन लाकडी आहे. तेव्हापासून बेल वाजली की सून त्या जमिनीवर टाचेने दोनदा ठोकते. माझ्या तळपायाला कळतं.

ती स्वतः उठत नाही. दार उघडायला मीच जाते.