पेन्सिलची फुली

पर्सची चेन दोन बोटं उघडली की आतल्या कागदी पाकिटाचा एकच कोपरा दिसायचा, आणि त्या कोपऱ्यावर तिच्याच अक्षरात एक तारीख आणि वेळ: ७.४०. शून्यापाशी निळी शाई किंचित पसरली होती, कारण लिहिताना तिचे हात ओले होते. तिने चेन परत लावली.

विमा कचेरीतल्या त्या काचेच्या खोलीत चार खुर्च्या मावत नव्हत्या, तरी चार होत्या. भिंतीला लागून ती, तिच्या शेजारी नणंद, दाराशी मोठी मुलगी, आणि टेबलापलीकडे अधिकारी. तिला बाहेर पडायचं असतं तर आधी नणंदेला उठावं लागलं असतं, आणि नणंद एकदा बसली की काम तडीला नेल्याशिवाय उठणाऱ्यांतली नव्हती.

“आमच्याकडे माणूस गेल्यावरच फाइल पहिल्यांदा नीट वाचतात,” अधिकारी म्हणाले आणि आपल्याच बोलण्याने ओशाळले. मग त्यांनी मागच्या वेळचं सगळं पुन्हा सांगितलं. पॉलिसीवर नॉमिनी म्हणून पत्नीचं नाव आहे. मुलीने हरकत घेतल्यामुळे रक्कम अडली आहे. मुलीचं म्हणणं असं, की वडिलांनी नॉमिनी बदलायचा फॉर्म भरला होता. तसा फॉर्म कचेरीत आलेला नाही. तीनदा शोधून झालं. आता मुलीने हरकत मागे घ्यावी, नाहीतर कोर्टात जावं.

मोठी ही तिच्या नवऱ्याच्या पहिल्या लग्नाची मुलगी. आई वारली तेव्हा ती सात वर्षांची होती, आणि ही सावत्र आई घरात आली तेव्हा अकराची. येताना तिने आपली चार वर्षांची धाकटी बरोबर आणली होती. धाकटी दोन दिवसांत त्याला बाबा म्हणायला लागली. मोठीने मात्र आठवडाभर विचार करून सांगून टाकलं, की मी तुम्हाला मावशी म्हणेन. त्या शब्दाबाहेर ती पंधरा वर्षांत गेली नाही आणि त्या शब्दाला कमीही पडली नाही.

“आत्या, कोर्टात मला जायचंच नाहीये,” मोठी म्हणाली.

“जाशील कशाच्या जिवावर? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? फॉर्म, फॉर्म करत चार महिने या बाईला टांगून ठेवलंस. त्याने भरला असता तर फॉर्मला पाय फुटले का?”

मोठीच्या उजव्या हाताच्या बोटांवर बारीक पांढरे चरे होते. चष्म्याच्या काचा घासणाऱ्यांच्या हातांवर असतात तसे. वडिलांच्या हातांवरही होते. ते नोकरी करायचे त्या दुकानात त्यांच्याच स्टुलावर आता ती बसत होती.

भिंतीजवळच्या खुर्चीतून तिने नणंदेच्या बांगड्यांकडे पाहिलं, मग खाली आपल्या पर्सकडे. नणंद तिच्या बाजूने भांडत होती. लग्नानंतरची पहिली दहा वर्षं जिने तिला ‘आमच्या घरातली ती’ याखेरीज दुसरं नाव दिलं नव्हतं, तीच आज ‘या बाईला’ म्हणताना तिच्या गुडघ्यावर हात ठेवत होती. तो हात उष्ण आणि जड होता.

ती स्वतः पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. तिथे आलेली बाटली हातातून खाली ठेवण्याआधी तिच्यावर तारीख आणि वेळ घालायची, हा नियम. बावीस वर्षांत तो तिच्या बोटांत इतका मुरला होता, की घरातल्या लोणी-दुधाच्या डब्यांवरही तारखा असत आणि त्यावरून दोघी मुली तिची थट्टा करत. पाकिटावरच्या तारखेच्या सकाळी नवरा बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला होता, “आत खूण केलीय, बघ. जाताना विमा कचेरीत देऊन टाक.” आणि पाकीट तिच्या हातात दिलं होतं. तिने ओल्या हातांनीच मार्कर काढून कोपऱ्यावर वेळ घातली. मग आतला कागद बघितला. तिचं नाव काढून तिथे मोठीचं नाव होतं. एकटीचं. खाली साक्षीदाराच्या रिकाम्या जागेपुढे पेन्सिलने बारीक फुली होती.

म्हणजे हे सहीनिशी तिनेच मान्य करायचं होतं.

त्या दिवशी तिने पाकीट दिलं नाही. रविवारी विचारू, असं ठरवलं. रविवारी पाहुणे आले. पुढच्या रविवारी त्याला ताप होता. तो एकदाही विचारत नव्हता, की दिलंस का. दिलं असणारच, असं धरून चालला होता. एकोणीस दिवसांनी तो दुकानात स्टुलावरच गेला, समोर अर्धी घासलेली काच तशीच ठेवून.

प्रयोगशाळेत नमुना ठराविक वेळेत तपासला नाही तर फेकून देतात. त्यावरून निकाल लिहायचा नसतो. हे पाकीट तिने फेकलंही नव्हतं.

मागच्या भेटीत अधिकाऱ्यांनी तिला सरळ विचारलं होतं, तुम्हाला काही माहीत आहे का. ती म्हणाली होती, कुणाला काय द्यायचं याबद्दल ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. वाक्य खरं होतं. त्या रात्री ते वाक्य तिने मनात उलटंसुलटं करून पाहिलं आणि त्यात चूक सापडली नाही, तेव्हा तिला पहिल्यांदा भीती वाटली.

घरावरचं कर्ज या रकमेतून फिटणार होतं. धाकटीने कालच, भिंतीला नवा रंग कोणता द्यायचा, हे बोलून ठेवलं होतं.

“मी लिहून आणलंय,” मोठी म्हणाली. तिने घडी घातलेला कागद टेबलावर सरळ केला. “हरकत मागे घेते म्हणून. सही तेवढी राहिलीय.”

“शहाणी गं माझी,” नणंद म्हणाली. “उशिरा का होईना.”

“तुमची खात्री झाली ना?” अधिकाऱ्यांनी विचारलं. “कुणी दबाव वगैरे...”

“नाही. मीच विचार केला.” मोठीने कागदाची कड बोटाने दाबली. “मावशी असं काही दडवणार नाही. डब्यावर चुकीची तारीख पडली तर झोप लागत नाही तिला. मग राहिलं काय, तर बाबाच. मला बरं वाटावं म्हणून बोलले असतील. ‘तुझ्यासाठी भरून टाकलाय’ असं. माणसं बोलतात तसं.”

नणंद यावर काहीतरी म्हणाली. तिला ते ऐकू आलं नाही.

चष्म्याचा पाव नंबर इकडचा तिकडे झाला तरी माणसाचं डोकं दुखतं, असं नवरा म्हणायचा. गिऱ्हाईक आरशात खूश होऊन बघत असलं तरी फ्रेम चेहऱ्याला शोभत नाही हे तो सांगायचाच, आणि दुकानाचा मालक कपाळाला हात लावायचा. लग्नाआधी तिला भेटायला आला, तेव्हा चहाचा कप खाली ठेवायच्या आत त्याने सांगितलं होतं, की मुलगी तुम्हाला लवकर आपलं म्हणणार नाही, वाट बघावी लागेल. गोड बोलायचं म्हणून बोलणं त्याला येतच नव्हतं. हे माहीत असलेली माणसं जगात दोनच होती, आणि त्यातली एक आत्ता ते खोडून टाकत होती, शांतपणे, स्वतःच्या हाताने.

आणि फुलीचा अर्थ तिला समजला. त्याला साक्षीदार कुणीही मिळाला असता. मालक होता, शेजारी होते. त्याने तिच्यापासून लपवलंच नव्हतं काही. घर तुला आणि धाकटीला, विमा मोठीला: इतकं साधं गणित तिला बघताक्षणी कळेल, असं समजून तो नाडी बांधत राहिला होता.

अधिकाऱ्यांनी पुढे केलेलं पेन उमटत नव्हतं. मोठीने ते कागदाच्या कोपऱ्यावर दोनदा गिरवलं, मग नणंदेच्या पलीकडे वाकून बघितलं.

“मावशी, तुझ्याकडे असेल ना पेन?”

तिने पर्सची चेन पूर्ण उघडली. पेन पाकिटाला खोचलेलं होतं. पेन काढायचं तर पाकीट धरावं लागत होतं. नणंदेने हात पुढे केला, पेन घेऊन पलीकडे द्यायला.

“वन्सं, थांबा जरा,” ती म्हणाली.

तिने पाकीट टेबलावर ठेवलं, तारखेची बाजू वर करून, आणि मोठीच्या दिशेने सरकवलं. मोठीने वेळ वाचली. मग अक्षर ओळखलं. तिचा हात पाकिटापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

“सही करू नकोस,” ती म्हणाली. “बाबा खोटं बोलले नव्हते. त्यांनी फॉर्म माझ्याकडे दिला होता, तो मीच आणून दिला नाही. पैसे तुझे आहेत.”