थोरल्या ताताचं वजन

दालनात बारा वस्तू होत्या. चार दगडाच्या, तीन कॅनव्हासवरच्या, दोन लाकडाच्या, एक पिसांची, एक हरणाच्या कातड्याची घडीची पोथी आणि एक मक्याची. बारा वस्तू, बारा शब्द. मोरेलिया शहरातल्या त्या संग्रहालयाने प्रदर्शनच तसं मांडायचं ठरवलं होतं: कलेच्या इतिहासातले अवघड शब्द लोकांना एकेका वस्तूवरून समजावून सांगायचे. पाट्या लिहायचं काम एल्पिदिया क्विरीसकडे होतं. ती रसायनशास्त्र शिकून जुन्या मूर्तींच्या डागडुजीकडे वळलेली, वय एकोणतीस, आणि पाटीवर एक शब्द जास्तीचा झालेला तिला खपत नसे.

चर्चच्या भिंतीतून निघालेला एक दगड होता. त्यावरचा पिसांचा साप डोकं खाली करून बसवलेला. तिने लिहिलं: "पुनर्वापर. जिंकणाऱ्यांनी देवळं पाडली आणि त्याच दगडांनी चर्च उभारलं. दगड उलटा बसवणाऱ्या गवंड्याला तो साप आहे हे माहीत होतं."

पलीकडे दगडी क्रूस, मधोमध ख्रिस्ताचा नुसता चेहरा, दांड्यांवर मक्याची कणसं. "तेकितकी. विषय स्पेनहून आलेला, हात इथल्या पाथरवटाचा. शब्दाचा मूळ अर्थ, खंडणी भरणारा." आणि पिसांच्या चित्राखाली: "हमिंगबर्डचा निळा रंग पिसात नसतो, पिसाच्या बांधणीत असतो. पीस कुटलं तर निळी पूड मिळत नाही."

मक्याची वस्तू सर्वांत शेवटी आली. तिच्या पाटीवर 'देहरंग' हा शब्द यायचा होता.

ती वस्तू घेऊन डॉन एव्हारिस्तो उर्बिना स्वतः आले. अवोकाडोच्या बागा, तळ्याकाठी हॉटेल आणि घरात संतांच्या चारशे वर्षांपूर्वीच्या मूर्ती, असा त्यांचा थाट. गाडीत घोंगडीत गुंडाळलेला माणसाएवढा ख्रिस्त होता.

"उचला, सेन्योरिता, घाबरू नका," ते हसत म्हणाले. "पाहुण्यांना मी एका हाताने उचलून दाखवतो. बायका किंचाळतातच!"

एल्पिदियाने उचलला. तिच्या हातांनी जास्त जोर लावला होता, त्यामुळे ख्रिस्त झटक्याने तिच्या छातीपर्यंत वर आला. मग तिने त्याला पालथा केला. खांद्यांखाली आणि कमरेपाशी पाठीवरचा रंग झिजून गुळगुळीत झाला होता. दोन माणसांचे चार हात वर्षानुवर्षं जिथे यायचे, बरोबर तिथे.

"कुठून मिळाला हा?" तिने विचारलं. आवाज तिने नेहमीसारखाच ठेवला.

"मिळाला म्हणजे? माझ्या आजीच्या वाडीवरचा आहे. आमच्या घराचा उंबरा कधी ओलांडला नाही त्याने. आज पहिल्यांदाच."

"बरं," ती म्हणाली.

सान निकोलास त्सिरिओ या एल्पिदियाच्या तळ्याकाठच्या गावात या ख्रिस्ताला 'थोरला ताता' म्हणत. ताता म्हणजे बाप; गावच्या म्हाताऱ्यांनाही तेच म्हणत. मक्याचे वाळलेले धांडे सोलायचे, आतला भेंडासारखा गाभा घ्यायचा, ऑर्किडच्या कंदाच्या डिंकात कुटायचा आणि त्या लगद्याची मूर्ती घडवायची. आतून पोकळ. म्हातारे सांगत, पूर्वी लढाईतले देवही असेच करायचे, हरलो तर पाठीवर घेऊन पळता यावं म्हणून. गुड फ्रायडेला थोरल्या ताताला क्रूसावरून उतरवून दोन माणसं हातांवर घेत आणि गावभर फिरवत.

एल्पिदिया आठ वर्षांची असताना त्याची सेवा तिच्या वडिलांकडे, क्रिस्पीनकडे आली होती. सेवा म्हणजे वर्षभर मेणबत्त्या, फुलं, धूप, सणाला गावजेवण. त्याच वर्षी तळ्यापलीकडच्या एका दानशूर माणसाने निरोप पाठवला, की तुमच्या ख्रिस्ताचे रंग उडालेत, मी फुकटात दुरुस्त करून देतो, वर चर्चच्या छपराला पत्रे देतो. गावच्या ज्येष्ठांच्या मंडळाचे प्रमुख होते ताता आबुंदिओ. त्यांनी होकार दिला. लेंटचे उपवास सुरू होताना मूर्ती गेली, ईस्टरच्या आधी परत आली. रंग चकचकीत, पाठ कोरी. आणि गुड फ्रायडेला दोन माणसांना ती हलेना. चौघांना हलेना. सहा जणांनी धापा टाकत ती फिरवली.

मूर्ती बदलली असेल, असं एकाच्याही मनात आलं नाही. देव जड होतो, हे त्सिरिओत पोरासोरांना ठाऊक होतं. सेवेकऱ्याच्या घरात पाप असलं की तो उचलू देत नाही. ताता आबुंदिओंनी चर्चच्या आवारात, सगळ्या गावासमोर बोट दाखवलं: "क्रिस्पीन, तुझ्या हाताखाली ताता जड झाला. काय केलंस ते तूच जाणे."

क्रिस्पीनने काही केलं नव्हतं. पण त्याने स्वतःच्या आयुष्यात शोध शोध शोधलं. कधीतरी पावसामुळे चुकलेली प्रार्थना, भावाशी झालेलं भांडण, सणाच्या आधी घेतलेला घोट. वेशीपासून वेदीपर्यंत गुडघ्यांवर गेला. पुढच्या वर्षीही ताता जडच राहिला. दुकानदारीण त्याच्या हातात सुटे पैसे ठेवेना, टोपलीत टाकी. शेवटी तो उत्तरेला सफरचंदाच्या बागांवर गेला आणि तिकडेच, शिडीवरून पडून, मेला. फोनवर शेवटचं बोलणं झालं तेव्हा त्याने विचारलं होतं, "यंदा जरा हलका झाला का गं?"

पुढच्या आठवड्यात एल्पिदिया मोजपट्टी घेऊन त्सिरिओला गेली.

ताता आबुंदिओ आवारातच बसले होते, तळलेले चराल मासे कागदातून एकेक तोंडात टाकत.

"काय गं, क्रिस्पीनची पोरगी ना तू? लांब उभी राहा. तू हात लावलास तर अजून पाच किलोने वाढायचा!"

फुलं निवडणाऱ्या बायका खुदकन हसल्या.

"नाही लावत, ताता. मला नुसता क्रूस मोजायचाय."

"क्रूस मोजून काय कळतं?"

"अंतर."

"शिकली, म्हणून अंतर कळायला लागलं हिला! बाप पळाला ते अंतर मोजलंस का?"

तिने मोजपट्टी उलगडली. क्रूस जुनाच होता. तो दुरुस्तीला गेलाच नव्हता. एका तळव्याच्या खिळ्याच्या भोकापासून दुसऱ्यापर्यंत एकशे एकोणतीस सेंटिमीटर. त्या भोकांत आता कोळ्यांची जाळी होती. आताचा ख्रिस्त आतल्या अंगाला नव्याने पाडलेल्या भोकांवर, वर पट्ट्या आवळून टांगलेला. संग्रहालयातल्या ख्रिस्ताचे तळवे तिने आधीच मोजले होते. एकशे एकोणतीस.

तिथेच सांगता आलं असतं. म्हातारा रडला असता, बायकांनी तिला कुशीत घेतलं असतं, कुणीतरी आतोलेचा, मक्याच्या गरम पेजेचा पेला हातात दिला असता आणि संध्याकाळपर्यंत सगळं गोड झालं असतं. तेच तिला नको होतं. तिला ताता आबुंदिओ नवी टोपी घालून, दाढी करून, बसमधून आलेले हवे होते.

"ताता," ती म्हणाली, "मोरेलियात एक असाच ख्रिस्त आलाय. उद्घाटनाला दोघांना शेजारी ठेवावं म्हणते. आपला ताता आणि हा जुना क्रूस घेऊन या. टीव्हीवाले येतील. मंडळाच्या वतीने तुम्हीच दोन शब्द बोला."

म्हाताऱ्याने बोटं पँटला पुसली. "बस पाठवणार?"

"पाठवते."

"जेवायला काय?"

"कोरुंदा आणि कार्नितास."

"बापापेक्षा बरी निघालीस तू," ताता आबुंदिओ म्हणाले.

संग्रहालयाच्या संचालिका, डॉक्टर ओफेलिया, यांना मात्र तिने सगळं सांगितलं. त्या हादरल्या. "एल्पिदिया, हे गुपचूप मिटवू. मी सरकारी वकिलांना फोन करते, उद्घाटनाच्या आधीच मूर्ती ताब्यात घेतील."

"फोन करा. पण त्यांना उद्घाटनालाच बोलवा."

"माणसाची अब्रू जाईल गं सगळ्यांसमोर."

"हो," एल्पिदिया म्हणाली.

उद्घाटनाला दालन भरलं. त्सिरिओची माणसं मागे दाटीने उभी, त्यांचा ख्रिस्त चादरीखाली, क्रूस भिंतीला टेकवलेला. एल्पिदियाने एकेक वस्तू घेतली, एकेक शब्द समजावला. घाई केली नाही. मक्याच्या ख्रिस्तापाशी आली.

"देहरंग. मूर्तीला कातडी देणारा शेवटचा थर. तेलात कालवलेला रंग लावून तो मेंढीच्या ओल्या मूत्राशयाने घासतात, म्हणून अशी घामेजलेली झाक येते. हा थर हाताने झिजतो. पाठीवर पाहा. कुणीतरी याला हातांवर वाहून नेत होतं." मग ती वळली. "पाटीवर नसलेला एक शब्द आहे, उगम. वस्तू कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेली, त्याची साखळी. तो डॉन एव्हारिस्तोच सांगतील."

फिकट सुटातले डॉन एव्हारिस्तो पुढे आले. आजी, वाडी, कधी न ओलांडलेला उंबरा, सगळं त्यांनी कॅमेऱ्यासमोर रंगवून सांगितलं. आणि सवयीने, ख्रिस्ताला कमरेत धरून एका हाताने वर उचललं.

मागून एका म्हातारीचा आवाज आला. "आगं बाई. आपला असाच यायचा की वर!"

"क्रूस आणा," एल्पिदिया म्हणाली.

त्सिरिओच्या दोघांनी क्रूस आडवा ठेवला. तिने मक्याच्या ख्रिस्ताला त्यावर निजवलं आणि जुन्या भोकांत तीन लाकडी खिळे बसवले. हातोडी लागली नाही.

"सगळ्या क्रूसांचं माप सारखंच असतं!" डॉन एव्हारिस्तो म्हणाले.

"मग तुम्ही परत पाठवलेला बसवून बघू."

सहा जणांनी गावचा ख्रिस्त चादरीतून काढला. त्याचे तळवे जुन्या भोकांपर्यंत पोहोचलेच नाहीत. सरकारी वकिलांकडची दोन माणसं डॉन एव्हारिस्तोंच्या दोन्ही बाजूंना येऊन उभी राहिली. एकाने त्यांचं कोपर धरलं.

"आबुंदिओ! बोला ना!" डॉन एव्हारिस्तो ओरडले. "तुम्हीच दिलात माझ्या हवाली! छपराचे पत्रे घेतलेत तेव्हा गोड लागले!"

त्सिरिओची माणसं ताता आबुंदिओंपासून थोडी बाजूला सरकली. म्हाताऱ्याने टोपी काढून छातीशी धरली.

"पोरी, मला काय ठाऊक..."

"ठाऊक नव्हतं, तर बोट कशाला दाखवलंत?"

"घरी बसून बोलू. तुझ्या आईसमोर पाया पडतो मी."

"माझ्या वडिलांशी घरी बसून बोलला होतात?"

डॉक्टर ओफेलिया तिच्या दंडाला हात लावून पुटपुटल्या, "पुरे आता, एल्पिदिया." तिने दंड सोडवून घेतला आणि कोपऱ्यातला वजनकाटा पायाने ढकलत मधे आणला. मूर्ती तोलायचा, सपाट, मोठ्या आकड्यांचा.

"चष्मा आणलाय ना, ताता? वाचा. आवारात जेवढ्या मोठ्याने बोलला होतात तेवढ्याच मोठ्याने."

सहा जणांनी गावचा ख्रिस्त काट्यावर ठेवला. लाकूड, प्लास्टर आणि वर रंग.

"एकशे त्रेचाळीस किलो," ताता आबुंदिओ म्हणाले. "सहाशे ग्रॅम."

"आता हा. तुम्हीच ठेवा. एकटे."

त्यांनी दोन्ही हात खाली घातले. ख्रिस्त त्यांच्या अंदाजापेक्षा फार लवकर वर आला, आणि म्हातारा त्याच्यासकट एक पाऊल मागे गेला. कुणी धरायला पुढे आलं नाही. त्यांनी त्याला काट्यावर निजवलं, वाकून आकडा पाहिला, ओठ हलवले.

"ऐकू आलं नाही, ताता."

"पाच किलो नऊशे ग्रॅम."