माझ्या ड्युटीत कोणी पडलं नाही

वॉर्डात माझा दरारा होता. एकवीस वर्षांत माझ्या ड्युटीत एकही पेशंट पडला नाही, हे मी कुणी न विचारता सांगायचे. नियम सोपा: पेशंट संडासात, दार सताड उघडं, मी समोर, नजर त्याच्यावर. कुणी कुरकुरलं तर वाक्य तयार असायचं, "लाजायचं काय त्यात? आम्ही रोज बघतो."

मग मी स्वतःच्या घरात, चांगल्या कोरड्या फरशीवर, पाय घसरून पडले. खुबा मोडला. ऑपरेशन झालं आणि माझ्याच वॉर्डात, मीच कोपरे खोचायला शिकवलेल्या चादरीवर मी आडवी!

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी नर्स मला वॉकरने संडासापर्यंत घेऊन गेली. मागून उघडा गाऊन सावरत मी कमोडवर बसले. दार उघडं, ती समोर. माझी लघवी अडली ती अडलीच. माझं ते वाक्य मी स्वतःला दोनदा सांगून पाहिलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

"तू जा बाहेर," मी हुकूम सोडला. "माझी मी उठेन."

"बाहेर नाही जाणार," ती म्हणाली. "पण बघणारही नाही."

तिने आत येऊन दार लोटलं आणि हाताच्या अंतरावर माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. "तुम्ही बोलत राहा. बोलणं थांबलं की वळेन."

काय बोलणार? मी तिच्या चादरीच्या घड्यांना नावं ठेवायला लागले. तिसऱ्या वाक्याला सगळं सुरळीत झालं. इतकं हलकं वाटलं की रडूच यायचं बाकी होतं.

"हे कुठे शिकलीस गं?"

"नऊ नंबरच्या खाटेवरच्या मास्तरांनी सुचवलं." ती जरा घुटमळली. "तुमची ड्युटी असली ना, की ते सकाळपासून पाणीच प्यायचे नाहीत."

मास्तर! ओठ सुकलेले असायचे त्यांचे. मी चार्टवर 'पाणी कमी पितात, समज दिली' असं लिहायचे आणि वर त्यांनाच रागवायचे. माझ्या ड्युटीत ते पडले नाहीत, कारण ते उठलेच नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सिस्टर, बोलणं थांबलंय," ती पाठमोरीच म्हणाली. "वळू का?"

"नको गं," मी गाऊनच्या बाहीने डोळे पुसत म्हणाले. "आत्ता नको बघूस."