आभार तूच मान

“आभार तूच मान रे,” सर म्हणाले आणि माझा भाऊ जमिनीवर चिकटवत असलेली वायर ओलांडून व्यासपीठावर जाऊन बसले.

सत्कार कुणाचा, तर याच्या डोळ्यांदेखत याची जागा जिला मिळाली त्या बाईचा! घरून निघतानाच मी त्याला म्हटलं होतं, “जाऊ नकोस. जखमेवर मीठ कशाला चोळून घेतोस?”

“ताई, मी नाही गेलो तर माइक कोण बघणार?”

आता अशा माणसापुढे काय डोकं आपटावं! शेवटी मीच त्याच्याबरोबर आले आणि तिसऱ्या रांगेत बसले.

पहिल्या वर्षाला याच सरांनी वर्गात सांगितलं होतं, नुसती पुस्तकं घोकून कुणी मोठं होत नाही, विद्यापीठात आलात तर सगळ्यात भाग घ्या. आमच्या येड्यानं ते ब्रह्मवाक्य मानलं. वादसभा, वार्षिक अंक, नाटकं, परिसंवाद, जिथे तिथे हा. मुलं त्याला ‘कार्यवाह’ म्हणायची आणि हा फुशारून जायचा. याच सरांच्या हाताखाली पीएचडीला लागला तरी तेच. प्रबंधाची प्रकरणं सरांच्या टेबलावर धूळ खात पडलेली. विचारलं की सर म्हणायचे, “बघतो रे. आधी ही परिषद पार पडू दे.” एक परिषद पार पडायची, दुसरी उभी राहायची.

विभागात प्राध्यापकाची जागा निघाली तेव्हा सरांनी याच्या पाठीवर हात ठेवला. “तुझ्यासारखा माणूस विभागाला हवाच.” घरी येऊन यानं आईला ते तीनतीनदा सांगितलं. मुलाखतीत मात्र निवड समितीनं विचारलं, “प्रबंध कुठे आहे?” सर त्याच समितीत होते. ते छताच्या पंख्याकडे बघत बसले म्हणे. मला तर तो पंखा त्यांच्या डोक्यात पडायला हवा होता.

सत्काराला उत्तर द्यायला ती बाई उठली. साधी होती, खोटं कशाला बोलू. म्हणाली, “मला समित्यांमध्ये कधी जमलं नाही. पण या सभागृहातलं एकही व्याख्यान मी चुकवलं नाही. मी जे काही शिकले ते इथे बसून.”

मी भावाकडे पाहिलं. ती सगळी व्याख्यानं यानंच ठरवलेली. पाहुण्यांना स्टेशनवरून आणणारा हा, त्यांना पाणी देणारा हा. आणि व्याख्यान सुरू झालं की हा बाहेर, चहा आला का ते बघायला. एकही धड ऐकलं नाही त्यानं.

मग तो आभार मानायला उभा राहिला. लोकांची लगेच चुळबूळ सुरू झाली. आभार म्हणजे चहाची वेळ झाली, हे कुणाला सांगावं लागत नाही. मागच्या रांगा रिकाम्या व्हायला लागल्या. त्यानं पाहुण्यांचे आभार मानले, त्या बाईचे मानले, अगदी मनापासून. शिपायांचे, माळ्याचे, चहावाल्याचे मानले. आणि थांबला. सरांचं नाव त्यानं घेतलं नाही.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा! त्यानं कागदाची घडी करून खिशात टाकली. वाटलं, बस्स, सुटलं माझं पोर.

मी सरांकडे पाहिलं. त्यांची खुर्ची रिकामी होती. ते केव्हाच दाराशी जाऊन कपबशी हातात घेऊन उभे होते, कुणाशी तरी हसत होते.

आम्ही दोघं बाहेर पडताना त्यांनी हाक मारली. “छान मानलेस हं आभार! आणि ऐक, पुढच्या महिन्यातली परिषद तुलाच बघायचीय.”

मी भावाचा दंड धरला. घट्ट धरला.

“हो सर,” तो म्हणाला.