स्वल्प नाडी

आपल्याला कन्नड येतं, असा शंतनुचा समज होता. पुण्याहून बंगळुरात येऊन त्याला जेमतेम तीन महिने झाले होते, आणि रिक्षावाल्यांच्या कृपेने ‘स्वल्प’ म्हणजे थोडं, एवढं पाठ झालं होतं. या भांडवलावर त्याने बायकोला तीन आठवडे अंथरुणाला खिळवलं.

सुचेताला पाचवा महिना होता. पहिल्या खेपेला तिसऱ्याच महिन्यात सगळं संपलं होतं, त्यामुळे मल्लेश्वरमच्या दवाखान्यात ती तपासणीच्या टेबलावरही श्वास धरून पडली होती. तपासणी संपते न संपते तोच डॉक्टरीणबाईंना बाळंतपणाच्या खोलीतून हाक आली आणि त्या धावल्या. मागे उरलेल्या नर्सला शंतनुने विचारलं, “रेस्ट?”

“रेस्ट बेड. स्वल्प नडीरी,” असं म्हणून तीही पडदा सारून गेली.

“बेड रेस्ट घ्यायचीय,” शंतनुने रिक्षात भाषांतर केलं. मग खालच्या आवाजात, “नाडी स्वल्प आहे म्हणाली.”

“माझी?”

तो बाहेर बघत राहिला. बाळाची, हे तिला न सांगता कळलं.

परत जाऊन विचारायचं दोघांनीही टाळलं. विचारलं तर याहून वाईट ऐकावं लागेल, ही भीती. सुचेता पडून राहिली. पाय सुजले, अन्नावरची वासना उडाली, उगीचच डोळे भरून यायला लागले. शंतनु रोज ऑफिसला जाण्याआधी तिचं मनगट धरून बसायचा. त्यातून बाळाचं काय कळणार होतं, ते त्यालाच ठाऊक. पुण्याहून सुचेताच्या आईने त्याच्या ऑफिसात फोन करून विचारलं, टोपडी शिवायला घेऊ का? ‘इतक्यात नको,’ असा सुचेताने निरोप धाडला. बाळ हा शब्दच तिने टाकला होता. ‘ते नीट राहिलं तर,’ म्हणायची. नाव घेतलं की जीव अडकतो, हे तिला एकदा चांगलंच कळलं होतं.

खालच्या मजल्यावर सावित्रीबाई राहायच्या. त्यांच्या घराण्याची मराठी पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात मुरलेली. एका दुपारी त्या कोशिंबिरीची वाटी घेऊन वर आल्या.

“काय गं पोरी, दिवसाढवळ्या झोपतीस? स्वल्प फिरून ये की!”

“नर्सने सांगितलंय, अक्का.” सुचेताने नर्सचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, शंतनुने लावलेला नाडीचा अर्थही सांगितला. तीन आठवडे दुसरं काही घोकलंच नव्हतं.

सावित्रीबाई हसत सुटल्या ते वाटीतली निम्मी कोशिंबीर चादरीवर सांडली. “अगं, कन्नडात बेड म्हणजे नको! रेस्ट नको, थोडं चाला, म्हणाली ती. नाडी कुठनं आली मध्येच?”

सुचेताला हसू आलं नाही. आधी संताप आला, मग धीरच होईना विश्वास ठेवायचा. भिंतीला धरत ती जिना उतरली आणि सावित्रीबाईंच्या फोनवरून तिने डॉक्टरीणबाईंना गाठलं. बाळाचे ठोके उत्तम होते, चालायलाच सांगितलं होतं. पाय सुजलेत म्हणतेस तर उद्याच दाखवायला ये, असं बाईंनी दटावलं. फोन ठेवला आणि सुचेता तिथेच बसून पोटभर रडली.

संध्याकाळी शंतनु घरी आला तर पलंग रिकामा. तो तसाच रस्त्यावर धावला. कोपऱ्यावरच्या फुलवालीपाशी सुचेता उभी होती, पायांत सावित्रीबाईंच्या ढगळ चपला. त्याने जाऊन तिचं मनगटच पकडलं.

“बेड म्हणजे नको, गाढवा,” ती म्हणाली. “आणि नडीरी म्हणजे चाला. नाडी कुणाचीही स्वल्प नाहीये. मी डॉक्टरांना विचारलंय.”

शंतनु फुटपाथवर मटकन बसला. मनगट मात्र त्याने सोडलं नाही.

“ऊठ आता,” सुचेता म्हणाली. “एसटीडीवाला बंद करायच्या आत आईला फोन करायचाय. बाळाला टोपडी लागतील.”