आतल्या बाजूचं भोक

गॅरेजमध्ये सायकलीचं मागचं चाक पुन्हा बसलं, तेव्हा मेरिलिन रॉकलिफनं अशी काही शिवी हासडली की तिचा नवरा नेव्हिल स्वयंपाकघरातून दारापर्यंत आला.

"परत गेली हवा?"

"परत."

"मग आज राहू दे. जेवायला ये. मटण गार होतंय."

मेरिलिन उतरली नाही. सीटवर तशीच बसून ती चपट्या टायरकडे बघत राहिली. सायकल कुठे जाणारी नव्हतीच. मागचं चाक एका लोखंडी रुळाला टेकवून स्टँडमध्ये अडकवलेलं होतं. रूळ फिरायचा, चाक फिरायचं, आणि ती जागच्या जागी घाम गाळायची. गॅरेजच्या पत्र्यावर पश्चिमेचा वारा धडका देत होता. जुलै म्हणजे इथला ऐन हिवाळा, आणि आमच्या पेंग्विन गावात तेव्हा असा वारा सुटला की शहाणी माणसं दार लावून बसतात. पण रस्त्यावर खिळे असतात, काचा असतात. इथे सिमेंटच्या झाडलेल्या जमिनीवर काय होतं टोचायला?

पहिल्यांदा चाक बसलं तेव्हा ट्यूब जुनी झाली असेल म्हणून तिनं सोडून दिलं. नवी ट्यूब घातली, तीही गेली. मग टायरच्या आतून बोटं फिरवून कुठे तार, कुठे खडा अडकलाय का ते चाचपलं. काही नव्हतं. शेवटी टायरही नवा आणला. आज तोही बसला.

मेरिलिन पन्नाशी ओलांडलेली, गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात कामाला. चवताळलेली मांजरं एका हातानं धरणारी बाई. गेल्या फेब्रुवारीत रियानाच्या डोंगरवाटेनं उतरताना ओंडक्यांचा एक ट्रक तिला खेटून गेला. धक्का लागला नाही, नुसत्या वाऱ्याच्या झोतानं ती हेलपाटली आणि कडेच्या चरात जाऊन पडली. गळ्याजवळचं हाड मोडलं, कंबर सोलून निघाली. हाड जुळलं, जखमा भरल्या, सगळं झालं. पण सायकल काही गॅरेजबाहेर आली नाही. कुणी विचारलं की ती म्हणायची, "थंडी सरू दे. वसंतात आमच्या सायकल क्लबची शेफिल्डची शर्यत आहे ना, तेव्हा बघा." आणि रोज संध्याकाळी त्या रुळावर चढायची. जिवाला चैन कसं ते नव्हतं. दवाखान्यात असली की कधी एकदा पेडल मारते असं व्हायचं, आणि पेडल मारायला बसली की अर्ध्यातच फुस्स.

शनिवारी क्लबातल्या बायका बेकरीत कॉफीला जमल्या. मेरिलिननं आपलं रडगाणं गायलं. ब्रॉनविन हसत म्हणाली, "अगं, घरातलंच कुणीतरी टोचत असेल. मी धावायला जाऊ नये म्हणून आमच्या साहेबांनी एकदा माझे बूटच लपवले होते!"

सगळ्या खिदळल्या. मेरिलिनही हसली. पण घरी येताना ते वाक्य तिच्या मागे मागे आलं.

नेव्हिलला चामड्याचं काम करायचा नाद होता. बटाट्याच्या कारखान्यातली पाळी संपली की तो गॅरेजच्या कोपऱ्यात बसून पट्टे, कुत्र्यांचे गळपट्टे शिवायचा. चामडं टोचायच्या त्याच्या आऱ्या तिथेच भिंतीवर ओळीनं टांगलेल्या, सायकलीपासून हातभर अंतरावर. आणि बऱ्याचदा चाक बसलेलं सापडायचं ते नेव्हिल तिथे बसून गेल्यावर. मेरिलिनला आता हे आठवायला लागलं, आणि एकदा आठवायला लागलं की माणसाला नसलेलंही आठवतं. तो हॉस्पिटलमध्ये तिच्या खाटेशी बसून काय म्हणाला होता? "बास झाली आता ती सायकल."

दोन दिवस ती धुमसत राहिली. त्याच्या हातांकडे बघायची, तो गॅरेजकडे गेला की कान टवकारायची. तिसऱ्या दिवशी जेवताना तिनं काटा ताटात आपटला.

"नेव्ह, खरं सांग. तू टोचतोस का माझं चाक?"

नेव्हिल चावायचा थांबला. "काय?"

"आरीनं. सरळ विचारतेय."

"मेर, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"हो की नाही एवढं सांग."

"नाही!" तो उठला, खुर्ची मागे सरकली. अंगानं दांडगा माणूस, पण आवाज चढला नाही, उलट बसला. "एवढ्या वर्षांत मी तुझी एक वस्तू न विचारता उचलली आहे का गं? आणि चोरासारखं भोक पाडीन?"

तो सिंकपाशी गेला, ताट धुतलं, पाठमोरा राहूनच म्हणाला, "पण विचारलंसच तर ऐक. भोक मी पाडलं नाही. पण तिकडून हवा गेल्याचा आवाज आला की मला बरं वाटायचं. वाटायचं, चला, अजून एक दिवस घरात आहे."

"म्हणजे माझी मेहनत वाया जायची आणि तुला आनंद व्हायचा."

"आनंद नाही म्हटलं मी."

"मग काय म्हटलंस?"

"मला कामावर जायचंय," म्हणून त्यानं जॅकेट चढवलं आणि निघून गेला. त्याची गाडी वळणापलीकडे गेली तरी ती तशीच उभी होती. राग खरा कशाचा होता, ते तिला काही उमगेना.

घरात बसवेना. गॅरेजमध्ये जाऊन तिनं चाक काढलं, नवी ट्यूब घातली, टणक होईपर्यंत हवा भरली आणि चाक उचलून स्वयंपाकघरात आणलं. टेबलावर आपल्यासमोर ठेवलं. बघू आता कोण टोचतंय! भांडी घासली, ओटा पुसला, नको असताना कपाट आवरलं. चाकाशेजारून जाता-येता ती अंगठ्यानं दाबून बघायची. टणक. पुन्हा टणक. तिसऱ्या वेळी अंगठा किंचित आत गेला. ती खुर्ची ओढून समोर बसली. घरात ती आणि ते चाक, तिसरं कुणी नाही, आणि तिच्या डोळ्यांदेखत ते हळूहळू मऊ पडत गेलं.

तिचे कान तापले. नवऱ्याला काय काय बोलून बसले आपण!

पण मग करतंय तरी कोण?

ट्यूब काढून तिनं थोडी फुगवली आणि सिंकमधल्या पाण्यात बुडवली. बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. भोक सापडलं. भोक याआधीही सापडायचंच, पण सापडलं की ट्यूब भिरकावून नवी घालायची एवढंच ती करत आली होती. भोक कुठल्या बाजूला आहे ते कधी पाहिलंच नव्हतं. आज पाहिलं. रस्त्याकडच्या बाजूला नव्हतं ते. ट्यूबच्या पोटाला होतं, चाकाच्या मध्याकडे तोंड करून.

जुन्या ट्यूबा कुठे गेल्या? नेव्हिलनं त्या कापून परसातल्या रासबेरीच्या काठ्या बांधल्या होत्या. ती टॉर्च घेऊन थंडीत कुडकुडत बाहेर गेली, गाठी सोडवल्या आणि रबराचे तुकडे घेऊन आत आली. दोन तुकड्यांवर भोकं मिळाली. ताणून बघितलं. दोन्ही भोकं आतल्याच बाजूला, शिवणीच्या रेघेवर.

म्हणजे टोचणारी वस्तू बाहेरून येतच नव्हती. चाकातच होती.

रिमच्या आत स्पोकांची भोकं झाकायला एक प्लास्टिकची पट्टी असते. तिनं त्या पट्टीवरून बोट फिरवलं. एका जागी पट्टी बाजूला सरकली होती आणि खालच्या भोकाची कड उघडी पडली होती. बोट लागलं तर सुरीच. हवा भरली की ट्यूब त्या भोकात दबायची आणि कडेवर कापली जायची. जिथे पट्टी सरकली होती तिथला गोंद पाघळून चिकट झाला होता. तेव्हा तिच्या ध्यानात आलं. चाक घसरू नये म्हणून ती रूळ टायरवर जिवाच्या आकांतानं आवळायची आणि तासन्‌तास एका दमात पेडल मारायची. टायर इतका तापायचा की हात लावला तर चटका बसावा. रस्त्यावर वारा चाक गार करतो. बंद गॅरेजमध्ये त्या उष्म्यानं गोंद सुटला आणि पट्टी सरकत गेली. टायर बदलला, ट्यूबा बदलल्या. पट्टीला कुणी हात लावला नव्हता.

नेव्हिल सकाळी पाळी संपवून आला तेव्हा चाक टेबलावरच होतं आणि मेरिलिन कामावर जायचे कपडे घालून बसली होती.

"नेव्ह, बस जरा."

"झोप आलीय मला."

"एकच मिनिट. चुकले मी. हे बघ." उष्म्यानं गोंद कसा सुटला ते सांगता सांगता तिनं त्याचं बोट धरून त्या कडेवर ठेवलं.

"आई गं!" त्यानं बोट झटकलं. "हे होय? तुझ्या त्या छळवाद्यासारख्या पेडल मारण्यानं?"

"माझ्यानंच."

त्यानं बोट चोळलं. "तरी मी म्हणत होतो, गॅरेजात जळका वास कसला येतो."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर लवकर सापडलं असतं ना," तो म्हणाला, आणि मग दोघांनाही हसू फुटलं, जरा ओशाळलेलं.

संध्याकाळी तिनं पट्टी खरवडून काढली आणि कापडी पट्टी आणून बसवली. नेव्हिलनं चाक गुडघ्यात धरून ठेवलं. रूळ तिनं या वेळी बेतानं आवळला आणि खिडकी उघडी ठेवली. चाक टिकलं. दुसऱ्या दिवशीही टिकलं, पुढेही टिकत राहिलं. पण तिची तगमग काही थांबेना. उलट वाढली. रविवारी वाऱ्याचा जोर ओसरला, लख्ख ऊन आलं, ब्रॉनविनचा फोन आला, "आम्ही समुद्राकाठानं उल्व्हरस्टोनला चाललोय, येतेस?" आणि मेरिलिन सवयीनं म्हणायला गेली, "अगं, चाक..." आणि थबकली. चाक शाबूत होतं.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "मी येते मागून."

नेव्हिल म्हणाला, "गाडी घेऊन मागे येऊ?"

"नको. मागे इंजिनाचा आवाज नको मला."

ती निघाली. पहिल्या वळणापर्यंत हात इतके घट्ट की मनगटं दुखायला लागली. मग समुद्र आला, लहानलहान बेटं दिसली, वारा पाठीशी होता, आणि पाय आपसूक फिरू लागले. गॅरेजमध्ये महिनोन्‌महिने कमावलेलं बळ पायांत होतं, त्याचं तिलाच नवल वाटलं. तेवढ्यात मागून घरघर ऐकू आली. दुधाचा टँकर होता. चांगलं अंतर राखून, हळू चालला होता बिचारा. तरी तिनं सायकल गवतात घातली, उतरली, आणि टँकर जाईपर्यंत कुंपणाचा खांब धरून उभी राहिली. टँकर गेला तरी तिनं खांब सोडला नाही.

तिनं फोन लावला.

"येऊ का?" नेव्हिलनं पहिल्याच शब्दाला विचारलं.

"नको. नुसता बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही."

"रासबेरीच्या काठ्या पडल्यात सगळ्या. कुणीतरी गाठी सोडून नेल्यात. पोलिसांत देऊ म्हणतो तक्रार." मग तो बोलतच राहिला, कुठली काठी वाळली, कुठली छाटली, शेजाऱ्याचा कुत्रा कसा पुन्हा परसात घुसला. तिचा श्वास जागेवर आला.

"नेव्ह, चालले मी पुढे."

"जा." मग जरा थांबून, "मेर, सांभाळून."

उल्व्हरस्टोनच्या बेकरीपाशी क्लबातल्या बायका खाऊनपिऊन उठायच्या बेतात होत्या. त्यांनी तिला बघून टाळ्याच वाजवल्या. ती हसली, बसली, आणि परतीचा रस्ता समोरच्या वाऱ्याचा आहे हे ध्यानात आल्यावर तिनं लाजबिज न बाळगता नवऱ्याला बोलावून घेतलं. नेव्हिल अर्ध्या तासात गाडी घेऊन हजर. सायकल मागे टाकून दोघं गाडीतच बसून शिंपल्यांचा रस्सा भरलेली बेकरीतली गरमागरम पेस्ट्री खात राहिली. काचेवर वाफ धरली होती.

"आज एवढंच," ती म्हणाली.

"पुष्कळ झालं की," तो म्हणाला आणि तिच्या हनुवटीवरचा रस्सा रुमालानं पुसला.

त्या वसंतात शेफिल्डच्या शर्यतीला ती उतरली नाही. चढणीच्या एका फाट्यावर पाण्याच्या बाटल्या वाटत उभी राहिली, आणि शर्यतीतल्या येणाऱ्या-जाणाऱ्यांना हुरूप द्यायला ओरडून ओरडून तिचा घसा बसला. पण दर रविवारी ती उल्व्हरस्टोनला जायला लागली होती, आणि ऑक्टोबर उजाडेपर्यंत समोरच्या वाऱ्यातून परतही यायला लागली होती.