पाहुण्यांचे मळसूत्र

मित्रांनो, मी एक जुना तेलाचा घाणा आहे. बैलाचा नव्हे, विजेवर चालणारा. आता कारखान्यामागच्या अंगणात पडून असतो. ज्या तोंडातून शेंगदाणे आत पडत, तिथे चिमणीने घरटे केले आहे.

माझा जन्म दोन देशांत झाला. सांगाडा इथल्या भट्टीत ओतला, आणि दाणे पिळणारे लोखंडी मळसूत्र नदीपलीकडच्या देशात घडवले. दोन्ही देश गरीब. त्यांनी एकमेकांना शब्द दिला होता: श्रीमंतांच्या दारात जायचे नाही. सांगाडे आमचे, मळसूत्रे तुमची.

मळसूत्र बसवायला तिकडचा फिटर आला. सगळे त्याला 'पाहुणे' म्हणत. पहिल्या दिवशी मी असा खडखडलो, की मुकादमबाई ओरडल्या, "अहो पाहुणे, तेल काढताय की आमचे दात पाडताय?"

"नवा जावई आहे, बाई. थोडा रुसणारच."

संध्याकाळी धार लागली. बाईंनी बोट बुडवून चाखले. "आजपासून पाहुणे नाही, दादा म्हणायचं. घरचेच झालात तुम्ही."

मळसूत्र झिजले, की दादा नवे घेऊन येत. किती वर्षे माझ्या तेलाने घरोघरच्या कढया तापल्या!

मग एक मोठी पेटी आली. समुद्रापलीकडच्या श्रीमंत देशाने चकचकीत यंत्र स्वस्तात दिले होते. अट एकच, सुटे भाग त्यांच्याकडूनच घ्यायचे. मालकांनी सही केली. मला अंगणात ढकलले. दादांना कोणी कळवलेसुद्धा नाही.

ते नेहमीसारखे आले, खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेले मळसूत्र घेऊन. माझ्या अंगावर हात ठेवून कारखान्यातल्या नव्या यंत्राकडे बघत राहिले.

"बाई, तुमच्या शब्दावर आम्ही भट्टी वाढवली. आता ही मळसूत्रं कुणाच्या घशात घालू?"

"माझ्या हातात काय आहे, सांगा." बाईंनी मान खाली घातली. "बसा ना, पाहुणे. चहा तरी घेऊन जा."

पाहुणे! दादा बसले नाहीत. मळसूत्र माझ्याजवळ ठेवून निघून गेले.

आज ते चकचकीत यंत्रही बंद आहे. त्याचे सुटे भाग मालकांना परवडत नाहीत. परवा बाईंनी येऊन गोणपाट उलगडले. आत नुसता गंज. दादांना निरोप धाडला, तर कळले की त्यांचा कारखाना केव्हाच बंद पडला.

मित्रांनो, मला तेलपाणी करा असे मी म्हणणार नाही. जन्मभर मी तेलातच होतो. एवढेच सांगतो, कुणाला एकदा दादा म्हटलेत, तर त्याला पुन्हा पाहुणे म्हणू नका.